डावा नव्हे, उजवा

जानेवारीतली दुपार होती. अमेरिकेत, मिनियापोलिसच्या उपनगरात, लेकीच्या घरी. रात्रभर बर्फ पडल्यामुळे नातवाच्या शाळेला सुट्टी मिळाली होती आणि आम्ही दोघं पायांवर एकच गोधडी घेऊन टीव्हीसमोर बसलो होतो. जुन्या मालिका दाखवणारी एक वाहिनी इथे दुपारी ‘गनस्मोक’ ही काउबॉय मालिका लावते. भाग काळ्या-पांढऱ्या जमान्यातला होता. डॉज सिटीचा धुळीने भरलेला रस्ता, लाकडी फळ्यांची पडवी, आणि त्या फळ्यांवरून एक पाय काठीसारखा ताठ ठेवून लगबगीने येणारा चेस्टर, “मिस्टर डिलन! मिस्टर डिलन!” अशी हाक मारत. नातवाला ती चाल फार आवडली. गोधडी भिरकावून तो उठला, गुडघा ताठ केला आणि जेवणाच्या टेबलाभोवती खुरडत फिरायला लागला. दुसऱ्या फेरीला त्याला लय सापडली. स्वयंपाकघरातून लेक हसली. जावईही वर्क फ्रॉम होमचे हेडफोन काढून हसले. आणि मी ओरडलो, “बंद कर ते!” आवाज इतका मोठा निघाला की माझा मलाच ओळखू आला नाही. पोरगं जागच्या जागी थांबलं. मग हळूच पुढे झालं आणि त्याने टीव्ही बंद केला. त्याला वाटलं, मी टीव्हीबद्दल बोलतोय.

मी दुरुस्ती केली नाही.

त्या रात्री झोप लागेना, तेव्हा दिवाणखान्यात बसून त्या मालिकेबद्दल वाचत राहिलो. खरं तर शोध चेस्टरचा घेत होतो, पण सापडला दुसराच. चेस्टर ज्याला हाक मारत येतो त्या मॅट डिलनचं, डॉज सिटीत कायदा राखणाऱ्या मार्शलचं, काम करणारा जेम्स आर्नेस. सहा फूट सात इंच उंच, दारातून आत येताना चौकट भरून टाकणारा, कमी बोलणारा. तो जन्मला याच मिनियापोलिसमध्ये, 26 मे 1923 रोजी. मी ज्या शहरातलं बर्फ खिडकीतून बघत होतो, त्याच शहरातलं बर्फ तुडवत तो वाढला. आणि वाचता वाचता एका ओळीवर मी अडकलो. त्या पडद्यावरच्या दोघांपैकी खरा अधू पाय होता तो मार्शलचा. चेस्टर झालेला डेनिस वीव्हर ठणठणीत होता.

तरुण आर्नेसला नौदलात वैमानिक व्हायचं होतं, पण एवढ्या उंचीच्या माणसाला विमानाच्या खुर्चीत जागा नव्हती. भरती झाला पायदळात. 22 जानेवारी 1944 ला इटलीच्या पश्चिम किनाऱ्यावर, अँझियोला, अमेरिकन फौजा उतरल्या. होडी किनाऱ्याजवळ आली तेव्हा पुढे पाणी किती खोल आहे ते कळेना, म्हणून तुकडीतल्या सर्वांत उंच माणसाला आधी उतरवलं. पाणी आर्नेसच्या कमरेपर्यंत आलं, मग बाकीचे उतरले. ही गोष्ट त्याच्याबद्दल नेहमी सांगितली जाते आणि ऐकणारे हसतात. मला मात्र त्यात एकवीस वर्षांचासुद्धा नसलेला पोरगा दिसतो, अंधारात, कमरेभर गार पाण्यात, मागे वळून “या” म्हणणारा. पुढे थोड्याच दिवसांत जर्मन मशीनगनच्या गोळ्यांनी त्याच्या पायाचं हाड फोडलं. मग शस्त्रक्रिया, इस्पितळं, आणि जानेवारी 1945 च्या अखेरीस सैन्यातून सुट्टी. ब्राँझ स्टार आणि पर्पल हार्ट ही दोन पदकं मिळाली. एक पाय किंचित आखूड झाला तो कायमचा.

इटली हा शब्द आमच्या घरात रोजच्या वापरातला होता. आम्ही सातारा जिल्ह्यातले. आमच्या भागात घरटी एक माणूस पलटणीत जायचा, तसे माझे वडीलही मराठा रेजिमेंटमधून गेले होते. आबा त्या देशाला ‘इटाली’ म्हणायचे आणि सांग्रो नदीला ‘संग्रू’. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणी तिथे लढल्या. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो इटलीतच, घाडग्यांना मरणोत्तर. आमच्या आबांना व्हिक्टोरिया क्रॉस नव्हे, तोफगोळ्याची किरच मिळाली, मांडीपासून पोटरीपर्यंत. आर्नेस देशाच्या एका किनाऱ्याला, आबा दुसऱ्या किनाऱ्याच्या बाजूला, हिवाळा तोच. दोघांनी एकमेकांचं नावही कधी ऐकलं नसणार. आबांचा ‘इटली स्टार’ आईने ट्रंकेत, लग्नातल्या शालूच्या घडीत ठेवला होता. सहा टोकांचा, काळपटलेला. लहानपणी मी तो कपाळाला लावून बघायचो, खूप गार लागायचा.

घरी आल्यावर आर्नेसने मिनियापोलिसमधल्या एका रेडिओ केंद्रावर निवेदकाचं काम धरलं, आणि मग लोकांच्या गाड्यांना हात करत करत हॉलिवूड गाठलं. 1947 साली ‘द फार्मर्स डॉटर’ मध्ये छोटं काम मिळालं. मूळ आडनाव ऑर्नेस, त्यातलं ‘यू’ हे अक्षर स्टुडिओने काढून टाकलं. धाकटा भाऊ पीटरही नट झाला, त्याने ग्रेव्हज हे आडनाव लावलं. ‘मिशन इम्पॉसिबल’ मालिकेतला पांढऱ्या केसांचा म्होरक्या तो हाच. पण थोरल्याची उंची त्याच्या आड यायची. नायकाच्या शेजारी उभं केलं तर नायक बुटका दिसे. म्हणून त्याच्या वाट्याला काय आलं, तर 1951 च्या ‘द थिंग फ्रॉम अनदर वर्ल्ड’ मधला परग्रहावरचा राक्षस. चेहरा ओळखू येणार नाही असा मेकअप आणि तोंडी एक शब्द नाही. त्या वेषात आपण मोठ्या गाजरासारखे दिसतो अशी त्याची तक्रार होती म्हणतात. युद्धावरून आलेल्या माणसाने पडद्यावर यावं आणि त्याला चेहराच नसावा, हे मला वाचतानाही लागलं. शेवटी काउबॉयपटांचा बडा नट जॉन वेन याच्या कंपनीने त्याला करारावर घेतलं. वेन स्वतः उंच माणूस, त्याला शेजारी आणखी उंच माणसाची भीती नव्हती.

‘गनस्मोक’ आधी रेडिओवर होती, 1952 पासून. तिथे मॅट डिलनचा आवाज होता विल्यम कॉनरॅडचा, खोल, भारदस्त. आवाज ऐकून लोकांनी मनात जो मार्शल उभा केला होता, तसा कॉनरॅड दिसायचा नाही, तो अंगाने चांगलाच जाड होता. दूरचित्रवाणीवर आणायची म्हटल्यावर दिसणारा मार्शल शोधणं आलं. वेनने आर्नेसचं नाव सुचवलं. आर्नेसच मागेपुढे करत होता, कारण त्या काळी टीव्हीवर गेलेला नट सिनेमातून उठला असं समजत. वेनने त्याला समजावलं, आणि एवढ्यावर न थांबता 10 सप्टेंबर 1955 ला पहिला भाग दाखवला तेव्हा सुरुवातीला स्वतः पडद्यावर येऊन त्याची ओळख करून दिली. वडीलधाऱ्या माणसाने पोराला हाताला धरून नोकरीच्या जागी नेऊन सोडावं, तसं. त्यानंतर आर्नेस ती नोकरी वीस वर्षं करत राहिला. 1955 ते 1975, सहाशे पस्तीस भाग. 1957 पासून सलग चार हंगाम अमेरिकेत सर्वांत जास्त पाहिली जाणारी मालिका हीच होती.

आता त्या चाकरीचं स्वरूप डोळ्यांसमोर आणा. मार्शलचं काम म्हणजे चालणं, घोड्यावर चढणं आणि उतरणं. गोळीबार एका भागात दोनदा, पण चालणं सतत. पायाला कळ सुरू व्हायच्या आत, म्हणून लांब चालण्याचे प्रसंग सकाळी सकाळी उरकून घेत असत. घोड्यावर टांग टाकणं त्याला दुखायचं. हे कळल्यानंतर मी आता मुद्दाम बघतो. तो रिकिबीत पाय घालतो, जीनला हात लावतो, आणि बऱ्याचदा पुढचं दृश्य थेट दौडणाऱ्या घोड्याचं असतं. मधलं काहीतरी गाळलेलं असतं. पूर्वी मला ते संकलकाचं कसब वाटलं असतं. आता तिथे मला एक माणूस दात आवळून बसलेला दिसतो. आणि तरी त्याची चाल बघा. घाई नाही, पाऊल पूर्ण टेकवून टाकलेलं, खांदे स्थिर. लाखो लोकांनी त्या संथपणाला कायद्याचा दरारा म्हटलं. त्यात थोडा दरारा असेलही. बाकीचं दुखणं होतं, असं माझं मत आहे, आणि अधू पायाच्या माणसासोबत लहानाचा मोठा झालेल्या कुणालाही ते पटेल.

चेस्टरची कथा उलटी आहे. डेनिस वीव्हर कसलेला खेळाडू. 1948 च्या ऑलिंपिकसाठी अमेरिकेच्या निवड चाचणीत तो डेकॅथलॉनमध्ये सहावा आला होता. दहा प्रकार, धावणं, उड्या, बांबूउडी. निर्मात्याला मार्शलचा असा जोडीदार हवा होता, की तो स्वतः का लढत नाही हा प्रश्न बघणाऱ्याला पडू नये. त्यासाठी त्याच्यात काहीतरी उणं पाहिजे होतं. वीव्हरने ताठ गुडघा घेतला, आणि एकदा घेतल्यावर नऊ वर्षं सांभाळला. घाईत असो, भांडणात असो, घोड्यावर असो, तो गुडघा वाकवायचा नाही. 1959 साली त्याला एमी हे टीव्हीवरच्या कामाचं मानाचं पारितोषिक मिळालं. स्पीलबर्गच्या पहिल्यावहिल्या टीव्हीपटात मालट्रकने ज्याचा पाठलाग केला तो घाबरलेला मोटारवाला म्हणजे हाच. शाकाहारी होता, योगानंदांच्या पंथातला होता, योगासनं करायचा. गुडघा वाकवण्यात निष्णात असलेला माणूस तो न वाकवण्यासाठी ओळखला गेला. त्याच्याबद्दल माझ्या मनात काही अढी नाही. सोंग घेणं हे त्याचं काम होतं आणि ते त्याने जीव ओतून केलं. आर्नेसला एमीची नामांकनं तीन वेळा मिळाली, पारितोषिक एकदाही नाही. लंगडण्याला बक्षीस मिळालं. न लंगडण्याला कोण देणार? ते कुणाला दिसलंच नव्हतं.

इथपर्यंत आलो की मला आमच्या हायस्कूलचं स्नेहसंमेलन चुकवता येत नाही.

आबा त्या शाळेत शिपाई होते. पलटणीतून आल्यावर मिळालेली नोकरी. शाळा उघडणं, रांजण भरणं, घंटा देणं. थंडीत त्यांचा पाय सकाळी मुळीच वाकत नसे. आई पहाटे निरगुडीचा पाला तव्यावर गरम करून पुरचुंडीने शेकायची. तो कडवट, धुरकट वास आमच्या झोपेतच यायचा आणि त्यावरून कळायचं की उजाडत आलंय. अर्ध्या तासाने आबा उठून भिंतीला धरून दोन पावलं टाकत, मग भिंत सोडत. पोरं यायच्या आधी ते शाळेत पोचलेले असत. पोरांना दिसायचे ते घंटेजवळ ताठ उभे असलेले, खाकी कपड्यातले, हातात लाकडी हातोडा. पण शाळा सुटताना व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कुलपं लावत जावंच लागे, आणि तेव्हा त्यांची चाल सगळ्या शाळेला दिसायची. एक पाऊल, मग फरशीवर घासत येणारं दुसरं. ठप, खर्र. ठप, खर्र. अजूनही रात्री कुणी सपाता घासत गेलं की मी जागा होतो.

मी नववीत होतो. आमच्या वर्गाने एक नाटुकलं बसवलं, त्यात लंगडा सावकार होता आणि ते काम माझ्याकडे आलं. मला कुणी चालायला शिकवलं नाही. पहिल्याच तालमीला मी चाललो आणि सगळा वर्ग टाळ्या देत हसला, कारण चाल कुणाची ते प्रत्येकाला कळलं. मलाही कळलं होतं. थांबता आलं असतं, पण हशा फार गोड लागतो. संमेलनाच्या रात्री पटांगणात सगळं गाव होतं. वीज नव्हती, मंचाच्या दोन्ही बाजूंना पेट्रोमॅक्सच्या बत्त्या होत्या आणि त्यांना पंप मारून उजेड टिकवायचं काम शिपायाचं. आबा डाव्या विंगेत बत्तीशेजारी उभे होते. मी त्यांच्या समोरून, त्यांच्याच उजेडात, ठप खर्र, ठप खर्र करत मंचाची फेरी मारली. लोक लोळायचे बाकी राहिले. बत्तीचा तो सूं सूं आवाज मधेच मंदावला, मग पंप मारल्याचं ऐकू आलं आणि उजेड परत पांढरा झाला. मला उत्कृष्ट अभिनयाचं बक्षीस मिळालं, एक फाउंटन पेन.

घरी येताना आबा माझ्यापुढे कंदील घेऊन चालत होते. बांधापाशी थांबले. मी पोचल्यावर, माझ्याकडे न बघता म्हणाले, “तू डावा वडत व्हतास. माजा उजवा हाय.”

एवढंच. परत कधी विषय काढला नाही. पेन त्यांनीच मला रोज शाई भरून दिलं.

आयुष्यभर त्या वाक्याचं मी काय काय केलंय. कधी वाटलं, ते रागावले होते आणि रागावण्याची त्यांची रीत तीच. कधी वाटलं, त्यांनी खरंच कामातली चूक दाखवली, जशी कवायतीत दाखवतात, कारण पोराने केलेलं काम बिनचूक असावं. बँकेत नोकरीला लागलो तेव्हा, लग्न झालं तेव्हा, त्यांना खांदा दिला तेव्हाही, माफी मागायची राहिलीच आहे हे डोक्यात होतं. आणि सगळ्यात जास्त सलतं ते हे, की रोज एका घरात राहून, रोज तो वास घेऊन, मला पाय कुठला हे माहीत नव्हतं. मी फक्त आवाज पाठ केला होता.

आर्नेसही स्वतःबद्दल फार बोलायचा नाही. मुलाखती टाळायचा, समारंभांना जात नसे, सुट्टीत समुद्रावर निघून जायचा. मोठ्ठी लाटफळी, म्हणजे सर्फबोर्ड, घेऊन तो तासन्‌तास पाण्यात असे, आणि मुलगा रॉल्फ त्याच्यासोबत. हा रॉल्फ 1970 मध्ये ऑस्ट्रेलियात लाटांवर स्वार होण्याच्या स्पर्धेत जगज्जेता झाला. या जागी मी वाचन थांबवून बराच वेळ नुसता बसलो. पाण्यात पाय हलका होतो, शरीराचा भार त्यावर येत नाही, हे आमच्या आबांनाही ठाऊक होतं. उन्हाळ्यात कृष्णेच्या डोहात ते असे पोहायचे की काठावरचा कुणी ओळखू नये. मी त्यांना तिथे नुसता बघत बसायचो. रॉल्फ बापासोबत पाण्यात उतरला. बापाकडून घेण्यासारखं काय आहे, हे त्या पोराला बरोबर कळलं.

1967 साली मालिका बंद करायचं ठरलं होतं. प्रेक्षक खवळले, ती दाखवणाऱ्या सीबीएस वाहिनीचा सर्वेसर्वा पेली स्वतः तिचा चाहता, निर्णय फिरला आणि दुसऱ्या वारी, दुसऱ्या वेळेला ती परत पहिल्या दहांत जाऊन बसली. वीव्हर 1964 मध्येच सोडून गेला होता. मिस किटी झालेली अमांडा ब्लेक एकोणीस हंगामांनंतर 1974 मध्ये गेली. डॉक झालेला मिलबर्न स्टोन हृदयाची शस्त्रक्रिया करून परत कामावर आला. आर्नेस होताच. आणि 1975 मध्ये मालिका थांबली ती निरोपाचा भाग न होता. शेवटचा भाग चित्रित झाला तेव्हा तो शेवटचा आहे हे कुणाला माहीतच नव्हतं. वीस वर्षं ज्याने रस्ता राखला, त्याला एकदा वळून बघायलाही मिळालं नाही. मला याचा अजून राग येतो. शिपायाला निवृत्तीच्या दिवशी नारळ आणि शाल तरी देतात, आबांना दिली होती. नंतर त्याने ‘हाउ द वेस्ट वॉज वन’ केली, 1987 पासून मार्शल डिलनचे पाच टीव्हीपट केले, शेवटचा 1994 मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर. त्यांत मार्शलचे केस पांढरे आहेत आणि चाल आणखी सावकाश. उतारवयात आत्मचरित्र लिहिलं. 3 जून 2011 ला लॉस एंजेलिसमधल्या राहत्या घरी गेला, अठ्ठ्याऐंशी वर्षांचा होऊन.

पहाटे साडेचारला लेक पाणी प्यायला उठली, मला बघून घाबरली. “बाबा, बरं नाही का?” म्हणाली. मी तिला स्नेहसंमेलनाची गोष्ट सांगितली. पन्नाशीला आलेल्या मुलीला ती पहिल्यांदा सांगत होतो. तिला आजोबा आठवतात ते खाटेवर बसलेले, त्यामुळे चाल तिने पाहिलेलीच नाही. ती काही बोलली नाही, शेजारी बसून राहिली आणि मग उठून चहा टाकला.

दुसऱ्या दिवशीही शाळा बंद होती. दुपारी नातू माझ्यापासून जरा लांब, सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसला होता. रिमोट त्याने उशीखाली ठेवला होता. मीच मागून घेतला आणि तीच वाहिनी लावली. “आजोबा, ते चालतं का?” त्याने विचारलं. मी म्हटलं, चालतं. काल मी तुझ्यावर ओरडलो नव्हतो, आणि मग जमेल तसं सांगितलं, पेनचंही सांगितलं. तो नऊ वर्षांचा आहे, त्याला किती कळलं देव जाणे. त्याने विचारलं, “मग तुम्ही सॉरी म्हणालात का त्यांना?” मी नाही म्हटलं. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि सरकत सरकत गोधडीखाली आला.

पडद्यावर चेस्टर हाक मारत आला आणि गेला. नातवाने त्याच्याकडे बघितलंही नाही. मी त्याला सांगितलं होतं की दुखरा पाय मोठ्या माणसाचा आहे, म्हणून तो मार्शलची वाट बघत होता. दार उघडलं, चौकट भरली, आणि मार्शल फळ्यांवरून खाली रस्त्यावर उतरून दूर चालत निघाला. आम्ही दोघं पुढे वाकलो.

“याचा कुठला?” त्याने विचारलं.

“बघ.”

तो गुडघ्यांवर उठून टीव्हीच्या अगदी जवळ गेला. मार्शल लहान लहान होत रस्त्याच्या टोकाला पोचला तरी तो हलला नाही.

“कळत नाही आजोबा,” तो म्हणाला, आणि दृश्य मागे घेऊन पुन्हा लावलं.